वहीत न लिहिलेलं दूध

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी रोज संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन म्हशीचं दूध प्यायचो. दोन पेले. खाल्ल्या-प्यायल्याची प्रत्येक गोष्ट ज्या वहीत लिहायची होती, त्या वहीत ते दूध मी एकदाही लिहिलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डॉक्टरांना नाही, वहिनींना तर नाहीच. एका माणसाला ते न सांगता कळलं होतं. तो माणूस आता नाही.

एवढं लिहिलं आणि उठून चहा करून आलो. बिनसाखरेचा. ती सवय त्या हिवाळ्यातली, अजून टिकली आहे.

गुऱ्हाळं पेटलीत. दिवाळी सरली की उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर शहराच्या कडेनं कुरकुरत जायला लागतात. रस्त्यावर उसाची पाचट पडते, आणि पहाटे वारा बरोबर दिशेचा असला तर रंकाळ्यावर फिरतानासुद्धा उकळत्या रसाचा वास येतो. शहरात वाढलेल्या माणसाला तो वास गोड वाटतो. गुऱ्हाळावर वाढलेल्या माणसाला त्यात जळणाऱ्या चिपाडाचा धूर, रसावर आलेली मळी आणि रस आटवायच्या काहिलीभोवती उभ्या असलेल्या माणसांचा घाम, असं सगळं वेगवेगळं कळतं. मला कळतं. परवा सोमवारी तो वास आला आणि मी चालता चालता बाकावर बसलो.

शेजारी एक गृहस्थ बसले होते. हार्डवेअरचं दुकान आहे त्यांचं, रोज दिसतात. मनगटाला पावलं मोजणारं घड्याळ. बराच वेळ त्या घड्याळाकडं बघून मला म्हणाले, “पावणं, दोन महिनं झालं. मोजून खातोय, रोज धा हजार पावलं चालतोय. पयल्या महिन्यात पाच किलो गेलं. आता काटा जाग्यावरनं हालंना झालाय. म्हशीगत बसलाय.”

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. वजन उतरलं की हलक्या झालेल्या शरीराला कमी अन्न पुरतं, त्यामुळं पहिल्या महिन्यात जे मोजमाप कमी पडत होतं तेच आता बरोबर पुरतं. पहिल्या पाच किलोंत पाणीही पुष्कळ असतं. सकाळी तास-दीड तास चाललेला माणूस उरलेला दिवस नकळत बसून काढतो. आणि डोळ्याला माप कळत नाही. आपण एक चमचा तेल म्हणतो ते दीड असतं, मूठभर शेंगदाणे म्हणतो ती मूठ रोज मोठी होत जाते, पोरांच्या ताटातलं उरलेलं आपण खाल्लं हे तर आठवतही नाही. झोप कमी असली, डोक्याला घोर असला, तरी काटा अडतो.

ते थक्क होऊन ऐकत होते. म्हणाले, “डॉक्टर हाय व्हय तुमी?”

नाही म्हटलं. हे सगळं मला एका मुलीनं शिकवलं होतं आणि त्यातलं एकही कारण माझं नव्हतं.

मी डॉक्टर नाही, आणि पेठेतले लोक मला सर म्हणतात तसा सरही नाही. एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. एकतीस वर्षं वजनं सांभाळली. आता डिजिटल काटे आहेत, पण मी लागलो तेव्हा काचेच्या पेटीतले तराजू होते. पहिल्या दिवशी मुलांना सांगायचो की वजन चिमट्यानं उचलायचं, बोट लावायचं नाही, बोटाच्या घामालासुद्धा वजन असतं. काचेचं दार लावून घ्या, तुमचा श्वास काट्याला लागतोय. रिकामी वाटी आधी तोला. जे दिसलं तेच लिहा, यायला हवं होतं ते लिहू नका. हे शेवटचं वाक्य मी किती वर्षं, किती मुलांना सांगितलं असेल.

आण्णा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. कोडोलीत घरची शेती, दोन म्हशी आणि चुलत्यांच्या सामाईकीतलं गुऱ्हाळ, हे सगळं त्यानं सांभाळलं म्हणून मी शिकायला कोल्हापुरात राहू शकलो. मी बोर्डिंगात होतो. हंगामात गूळ घेऊन तो मार्केट यार्डात यायचा आणि सौदा उरकला की संध्याकाळी बोर्डिंगच्या दारात उभा असायचा. आम्ही चालत कट्ट्यावर जायचो. बाहेरगावच्या माणसाला सांगावं लागतं म्हणून सांगतो. आमच्या शहरात संध्याकाळी काही ठिकाणी गवळी म्हशी घेऊन रस्त्याकडेला येतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून तिथल्या तिथं पेला हातात देतात. तालमीतले पैलवान, दुकानदार, मास्तर, सगळे उभ्या उभ्या पितात. फेस मिशीला लागतो. कोमट, जड, किंचित गवताचा वास असलेलं ते दूध. ते पिऊन घरी गेलेला माणूस बायकोला ‘अजून काही खाल्लं नाही’ असंच सांगतो आणि ते त्याला खोटं वाटत नाही. कट्ट्यावरचं दूध हे आमच्याकडं खाण्यातही धरत नाहीत आणि पिण्यातही नाही.

आण्णा एकच पेला सांगायचा, माझ्यासाठी. तू घे की, म्हटलं की म्हणायचा, “मी घरनं पिऊन आलोय.”

मी ते खरं मानलं. माझी मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत खरं मानलं. मग एकदा तिला आइस्क्रीम घेऊन देताना मीच तसलं काहीतरी म्हणालो आणि मधेच थांबलो. पहाटे चारला कोडोलीहून निघालेला माणूस संध्याकाळी सहा वाजता घरनं काय पिऊन आलेला असणार.

आण्णाची मूत्रपिंडं गेली. रक्तदाब होता, तो त्यानं अंगावर काढला. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, तो आणि वहिनी डायलिसिसला कोल्हापुरात यायचे. डॉक्टरांनी सांगितलं, घरातलं कुणी एक मूत्रपिंड देत असेल तर बघू. वहिनींचा रक्तगट जुळत नव्हता, शिवाय त्यांना साखर. मुलांचं घ्यायचं नाही हे आण्णानं आधीच सांगितलं होतं. राहिलो मी. दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर मी म्हणालो की मी देतो. कुणी मला भरीला घातलं नव्हतं. म्हणालो तेव्हा ते मनापासून होतं, हे मला अजूनही वाटतं. वहिनी पदर तोंडाशी धरून भिंतीकडं वळल्या.

रक्तगट जुळला. बाकी सगळं ठीक निघालं. फक्त वजन पंचाण्णव किलो. डॉक्टर म्हणाले, चौऱ्याऐंशीच्या आत या, मग पुढच्या तपासण्या करू आणि तारीख धरू.

तो दसरा होता. त्याच सुमारास नंदा, माझी बायको, मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली. मंगळवार पेठेतल्या तीन खोल्यांत मी एकटा. एक वजनकाटा आणला, स्वयंपाकघरात अर्ध्या ग्रॅमपर्यंत मोजणारा एक छोटा काटा आणला आणि दोनशे पानी वही. दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी दिवसाला सोळाशे कॅलरी आखून दिल्या होत्या. त्या माझ्या मुलीच्याच वयाच्या. मी भाकरी तोलून खायचो. मेथीच्या भाजीत तेल टाकायच्या आधी चमचा तोलायचो, नंतर तोलायचो. रोज पहाटे रंकाळ्याला दोन फेऱ्या. पंचाण्णवचे त्र्याण्णव, एक्क्याण्णव, नव्वद. नंदाचा रोज फोन यायचा, पहिला प्रश्न एकच, किती? मी आकडा सांगायचो आणि ती पलीकडं मुलीला मोठ्यानं सांगायची. त्या दोन महिन्यांत मी जितका सुखी होतो तितका फार कमी वेळा असेन. आपला भाऊ जगणार आहे आणि तो आपल्या भाकरीतून जगणार आहे, असं वाटायचं. हे मी बढाईनं सांगत नाही. पुढचं कळायला ते माहीत असलेलं बरं.

गुऱ्हाळ सुरू झालं. दरवर्षी पहिल्या आधणाचा गूळ वहिनी माझ्याकडं पाठवायच्या. त्या वर्षी शुक्रवारी दवाखान्यात म्हणाल्या, “भावजी, औंदा तुमास्नी गूळ न्हाय. पाच किलोचा गुळाचा रवा बाजूला काढून ठेवलाय माळ्यावर. आप्रेशन झालं की दोघं भाऊ मिळून फोडायचा.”

आण्णा पलंगावरून म्हणाला, “तवर मुंग्याच फोडत्यात बघ.”

त्यालाही तेव्हा सगळं तोलूनच होतं. मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकत नाहीत, म्हणून पाणी मोजून. दिवसाला एक तांब्या, त्यातच औषधाचं, चहाचं. वहिनींनी तांब्याच्या आत खिळ्यानं एक खूण ओढली होती. फार तहान लागली तर आण्णा तोंडात पाणी घेऊन खळखळायचा आणि टाकून द्यायचा. एका डायलिसिसपासून दुसऱ्यापर्यंत वजन दोन किलोच्या वर वाढू द्यायचं नव्हतं आणि ते कधी वाढलं नाही. वॉर्डातल्या सिस्टर इतरांना त्याचं उदाहरण द्यायच्या. चौथीपर्यंत शिकलेला, खिळ्याच्या खुणेनं पाणी मोजणारा माणूस. त्याच्या मापात कधी एक घोटही इकडचा तिकडं झाला नाही.

एका शुक्रवारी त्यानं मला वॉर्डातल्या काट्यावर उभं केलं. आधी तो, मग मी. बावन्न आणि अठ्ठ्याऐंशी. बेरीज करून म्हणाला, “दोघं मिळून एक चांगला पैलवान हुतोय की रं शिरपा.”

त्याच दिवशी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. खूश होते. म्हणाले, आता चारच किलो. मग त्यांनी सहज, टोपण लावलेल्या पेननं, माझ्या शर्टावरून डाव्या कुशीवर एक रेघ ओढून दाखवली. इथून इथपर्यंत. आता दुर्बिणीतून करतात, घाबरायचं कारण नाही, पंधरा दिवसांत तुम्ही कॉलेजात. अतिशय सज्जन माणूस. पेनचा गार स्पर्श शर्टातून लागला, एवढंच. पण मी बाहेर आलो तेव्हा माझ्या शर्टावर खरोखर रेघ उठली आहे का ते बघितलं.

त्या दिवसापर्यंत मी आकड्यांत होतो. त्या रेघेनंतर शरीरात आलो.

दवाखान्यातून घरी यायला वेगळा रस्ता आहे. मी कट्ट्यावर गेलो. ज्ञानूमामा गवळी मला माझ्या बोर्डिंगाच्या दिवसांपासून ओळखतात, तेव्हा ते त्यांच्या वडिलांबरोबर यायचे. म्हणाले, “सर, लई दिसांनी. पाक वाळलाय की वो.” आणि माझ्या हातात पेला दिला. मी तो प्यायलो. घरी येऊन वही उघडली. भाकरी दीड, मेथी एक वाटी, तेल एक चमचा, ताक एक पेला. इथं पेन थांबलं. मनात म्हटलं, एक दिवसाचं काय लिहायचं, उद्यापासून जायचंच नाही. दुसऱ्या दिवशी गेलो. कट्ट्यावरचं दूध कोण खाण्यात धरतं, असंही मनाला सांगून बघितलं. पण मी तोलून खाणारा माणूस होतो, मला ते पटायला नको होतं. तरी आठवडाभर पटवून घेतलं.

आता जे लिहायचं आहे ते अवघड आहे. त्या एका पेल्यावरही वजन उतरतच होतं. हळू, पण उतरत होतं. सोमवारी सकाळी काट्यावर उभा राहिलो तर सत्त्याऐंशी पूर्णांक दोन. पुढच्या सोमवारी शहाऐंशी पूर्णांक आठ. आनंद व्हायला हवा होता. मी मोजलं, चौऱ्याऐंशीला आता तीन किलोही उरले नव्हते. त्या संध्याकाळी मी ज्ञानूमामांना दुसरा पेला भरायला सांगितलं.

पहिला पेला भुकेचा होता असं मी म्हणू शकतो, म्हणतोही. दुसऱ्याला तसं काही म्हणता येत नाही.

म्हशीचं ताजं दूध, मोठे दोन पेले. आज हिशेब केला तर सहा-सातशे कॅलरी होतात, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण जेवण. मॅडमनी जेवढं अन्न कमी केलं होतं, तेवढं मी संध्याकाळी उभ्या उभ्या भरून काढत होतो. काटा शहाऐंशी-सत्त्याऐंशीवर थांबला. सगळा पौष थांबला, सगळा माघ थांबला.

मॅडम म्हणाल्या, याला आम्ही पठार म्हणतो, सगळ्यांचं होतं. मला मसाई पठार आठवलं. लहानपणी आण्णाबरोबर गुरं घेऊन गेलो होतो. चढताना दम लागतो, पण वर गेल्यावर कितीही चाला, आपण तेवढ्याच उंचीवर. मॅडमनी मला समोर बसवून ती सगळी कारणं सांगितली, जी मी परवा त्या हार्डवेअरवाल्यांना सांगितली. मग जरा अवघडून विचारलं, “सर, सगळं लिहिता ना? चव बघितलेलंसुद्धा?”

“सगळं,” मी म्हणालो.

त्यांचा चेहरा लाल झाला. विचारावं लागतं म्हणून विचारलं, म्हणाल्या, मनावर घेऊ नका. माझी वही त्या दुसऱ्या पेशंटना दाखवायच्या, इतकी नीट वही त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी माझी थायरॉइडची तपासणी करायला लावली. ती ठीक आली. मग सोळाशेचे चौदाशे केले. दुपारची अर्धी भाकरी गेली. मी खरोखर उपाशी राहायचो, दुपारी कॉलेजात डोळ्यापुढं अंधारी यायची, आणि संध्याकाळी कट्टा. रंकाळ्याच्या दोनाच्या तीन फेऱ्या केल्या. खोटं बोलणारा माणूस आळशी असतो असं कुणाला वाटत असेल तर ते खरं नाही. मी त्या हिवाळ्यात आयुष्यात कधी केले नाहीत एवढे कष्ट केले.

नंदा विचारायची, किती? मी म्हणायचो, तेवढंच. पलीकडून बाळाच्या रडण्याचा आवाज यायचा. मग ती म्हणायची, तुम्ही तरी काय करणार. घरात दुसरं कुणी नव्हतं. असतं, तर माझ्या ओठावरचा फेस एखाद्या दिवशी कुणीतरी पाहिला असता. मी पुष्कळदा त्या रिकाम्या खोल्यांवर दोष टाकून बघतो. पण त्या खोल्यांनी मला कट्ट्यावर पाठवलं नव्हतं.

माघ संपत आला होता. मंगळवारचं डायलिसिस झालं. वहिनी औषधांच्या दुकानात रांगेत होत्या. आण्णा म्हणाला, कट्ट्यावर चल की जरा, मला काय प्यायचं नाही, वास तरी घेऊ. मी म्हणालो, दमला आहेस. तो म्हणाला, रिक्षा कर. मला दुसरं कारण सापडलं नाही.

ऊन उतरलं होतं. म्हशी आल्या होत्या. आण्णा एका पायरीवर बसला, हाताला पट्टी, अंगात माझा जुना स्वेटर, जो आता त्याला डगला झाला होता. ज्ञानूमामांनी मला बघितलं, धार काढली आणि न विचारता पेला माझ्या हातात दिला. मग आण्णाकडं वळून म्हणाले, “सरांचं रोजचं दोन असत्यात. पावण्यास्नी किती काढू?”

आण्णानं माझ्याकडं बघितलं. मी पेल्याकडं बघत होतो. म्हशीनं शेपूट हलवलं, कुणीतरी पैलवान हसला, एवढं आठवतं.

“मी घरनं पिऊन आलोय,” आण्णा म्हणाला.

माझा हात खाली आला नाही आणि वरही गेला नाही. मग तोच म्हणाला, “पी. फेस बसतोय.”

मी प्यायलो. दुसरा पेलाही आला, तोही प्यायलो. नको म्हणता आलं असतं, पण नको म्हणायचं म्हणजे काहीतरी बोलावं लागलं असतं.

परत येताना रिक्षात मला वाटत होतं, आता विचारेल. भ्यालास का म्हणून विचारेल. विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो, बहुतेक रडलोही असतो, आणि कदाचित दुसऱ्या दिवसापासून कट्टा सुटला असता. तो बाहेर बघत होता. दवाखाना आल्यावर म्हणाला, “औंदा गुळाला रंग चांगला आलाय.” बस्स.

मी त्यानंतरही कट्ट्यावर जात राहिलो. हेही सांगायला हवं. त्याला कळल्यावर थांबलो, असं लिहायचा मोह झाला होता.

आण्णा चैत्रात गेला. पाडवा होऊन आठवडा झाला होता. पहाटे उठून गोठ्यात गेला आणि तिथंच बसला. डॉक्टर म्हणाले, हृदयावर ताण होताच, मूत्रपिंड मिळालं असतं तरी कसं झालं असतं ते सांगता येत नाही. त्यांनी ते माझं समाधान व्हावं म्हणून सांगितलं. मला ते कुठंही धरता येत नाही.

दिवसकार्याला सगळा गाव होता. माणसं माझ्या पाठीवर हात ठेवून जायची. धाकट्यानं भावासाठी काय कमी केलं न्हाई, अन्न सोडलं, पाय झिजवलं, पण देहच साथ देईना त्याला कोण काय करणार, असं एकमेकांना माझ्यादेखत सांगायची. मी मान खाली घालून ऐकायचो आणि ती मानही त्यांना दुःखाचीच वाटायची. वहिनी माझ्यापाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, “भावजी, जिवाला लावून घिऊ नगा. हे मला म्हनायचे, शिरपाच्या मागं लागू नगंस. त्येचं हाडच जड हाय. आमच्या आईचंबी तसंच हुतं.”

आमची आई काडीसारखी होती. वहिनींनी तिला पाहिलेलं नाही, त्यांच्या लग्नाआधीच ती गेली. आण्णानं वहिनींना एक खोटं सांगितलं आणि ते माझ्यासाठी सांगितलं.

त्यानंतर मी काही मोजलं नाही. वहीची उरलेली पानं कोरीच आहेत. फिरायला गेलो नाही, कट्ट्यावर गेलो नाही, जे समोर येईल ते दोन घास खायचो. अक्षय तृतीयेच्या सुमारास काट्यावरची धूळ पुसायला म्हणून फडकं घेतलं आणि उभा राहिलो. त्र्याऐंशी पूर्णांक चार. चौऱ्याऐंशीच्या आत. त्या सकाळी डॉक्टरांनी मला तपासलं असतं तर तारीख धरली असती. मी काट्यावरून उतरलो, परत चढलो. काटा चांगला होता. तो पहिल्यापासून चांगलाच होता.

नंदा आता बहुतेक पुण्यातच असते, नातू लहान आहे. मी दोन वर्षांनी निवृत्त झालो की तिकडं जायचं असं ठरलं आहे. संध्याकाळी कॉलेजातून येताना मी कट्टा टाळून लांबच्या गल्लीनं येतो. गेल्या महिन्यात भाजी घेताना ज्ञानूमामा समोर आले. थकलेत. माझा दंड धरून म्हणाले, “सर, येयाचं पाक बंद केलासा. माझं काय चुकलं व्हय?” मी म्हणालो, नाही मामा, डॉक्टरांनी दूध बंद केलंय. म्हणजे तिथंही एक खोटं ठेवून आलो.

परवा, त्या हार्डवेअरवाल्यांशी बोलून घरी आलो त्याच दिवशी, वहिनींचा फोन आला. गुऱ्हाळ लागलंय, रविवारी या, म्हणाल्या. इकडचं-तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, “माळा झाडला. त्यो रवा तसाच हाय बघा भावजी. काळा पडलाय, पाझरलाय. पोरं म्हनत्यात टाकून दे. माझ्यानं टाकवत न्हाय. दोघांचा म्हनून ठेवल्याला, आता तुमी एकट्यानं तरी न्या.”

बरं म्हणालो.

मग वही काढली. ज्या दिवशी डॉक्टरांनी रेघ ओढून दाखवली, तिथपासून शेवटच्या लिहिलेल्या पानापर्यंत एकशे नऊ पानं आहेत. ताकाच्या खाली, जिथं पेन थांबलं होतं, तिथं लिहीत गेलो. दूध, म्हशीचं, एक पेला. पुढच्या काही पानांनंतर, दोन पेले. शाई वेगळी दिसते, दिसू दे. माघातल्या त्या मंगळवारच्या पानावर दोन पेले लिहिलं आणि त्याच्यापुढं ‘आण्णासमोर’ असं लिहिलं. सगळी पानं भरायला दोन दिवस गेले.

रविवारी कोडोलीला जायचं आहे. गेली दोन वर्षंही गुऱ्हाळाला असाच गेलो होतो, सांगायचं ठरवूनच गेलो होतो, आणि उसाचं, पाण्याचं, पोरांच्या नोकरीचं बोलून संध्याकाळच्या एसटीनं परत आलो होतो. या वेळी वही पिशवीत घातली आहे. वहिनी सातवी शिकल्या आहेत, त्यांना वाचता येतं. वाचून त्या काय करतील मला माहीत नाही. मला माफी मिळावी म्हणून मी जात नाही, असं म्हणावंसं वाटतं, पण तेही मी खात्रीनं लिहू शकत नाही.

भावाला द्यायचं होतं ते मी दिलं नाही, आणि ते आता देता येणार नाही. माझं हाड जड नव्हतं, मी भ्यालो होतो, हे वहिनींना सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही. तेवढं मी त्यांचं देणं लागतो.